टॅब फॉरमॅट मारण्याआधी: नवख्यांसाठी पायरी पायरीनं

"मामा, टॅब फॉरमॅट मारला. आता तो कुठलातरी जीमेल मागतोय."

भाच्याचा फोन रात्री साडेदहाला आला. तो पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करतो. दिवसभर अभ्यासिकेत, नोट्स, पीडीएफ, लेक्चर, सगळा संसार एका टॅबमध्ये. पॅटर्न माहीत असलेल्या रूममेटनं चेष्टेत तो बदलला आणि मग स्वतःच विसरला. दोघांनी मिळून यूट्यूबवर व्हिडिओ बघितला, पॉवर आणि व्हॉल्यूमची बटणं दाबली आणि पाच मिनिटांत टॅब कोरा करकरीत केला. परत आत शिरायला चार दिवस लागले.

म्हणून या लेखात 'रीसेट कसं करायचं' हा भाग लहान आहे आणि त्याच्या आधीचा भाग मोठा. पुसणं कुणालाही जमतं. पुसल्यावर टॅबनं तुम्हाला मालक म्हणून ओळखलं पाहिजे, खरी मेख तिथं आहे.

फॉरमॅट, रीसेट आणि 'सॉफ्टवेअर मारणे'

दुकानात हे तीन शब्द एकाच अर्थानं वापरतात, पण ते एक नाहीत.

टॅबच्या आतल्या साठवणीचे ढोबळमानानं दोन भाग समजा. एकात अँड्रॉइड किंवा आयपॅडओएस ही प्रणाली असते, दुसऱ्यात तुमचा माल: फोटो, ॲप, डाउनलोड, पासवर्ड. फॅक्टरी रीसेट, ज्याला आपण फॉरमॅट म्हणतो, तो फक्त दुसरा भाग पुसतो. प्रणालीला हात लागत नाही. त्यामुळे "अपडेटनंतर टॅब स्लो झालाय, रीसेट मारला की जुना अँड्रॉइड परत येईल" ही समजूत चुकीची आहे. रीसेटनंतरही तोच नवा अँड्रॉइड असतो, फक्त रिकामा.

'सॉफ्टवेअर मारणे' किंवा 'फ्लॅश मारणे' म्हणजे पहिला भागच कॉम्प्युटरवरून नव्यानं लिहिणे. टॅब कंपनीच्या लोगोवरच अडकून बसला, पुन्हा पुन्हा आपोआप बंद-चालू होत राहिला आणि रीसेट करूनही सुधारला नाही, तर याची गरज पडते. एरवी नाही. दुकानदारानं टॅब हातात घेताक्षणी "सॉफ्टवेअर मारावं लागेल" म्हटलं, तर टॅब परत घ्या आणि आधी पुढचे उपाय घरी करून बघा.

आधी हे करून बघा

टॅब गोठला असेल तर सक्तीनं बंद-चालू करा. बहुतेक अँड्रॉइड टॅबवर पॉवर आणि व्हॉल्यूम कमी ही दोन बटणं दहा-पंधरा सेकंद एकत्र दाबून ठेवायची. होम बटण नसलेल्या आयपॅडवर व्हॉल्यूमचं एक बटण दाबून सोडायचं, मग दुसरं दाबून सोडायचं, मग वरचं बटण ॲपलचा लोगो येईपर्यंत धरून ठेवायचं. यात काहीही पुसलं जात नाही.

मग साठवण बघा. ३२ जीबीचा टॅब घेऊन त्यात चार क्लासची लेक्चर डाउनलोड केलेल्या मुलाला टॅब हँग का होतो असं विचारण्यात अर्थ नाही. जागा गळ्यापर्यंत भरली की अँड्रॉइडला श्वास घेता येत नाही. पाच-सहा जीबी मोकळे करा, टॅब एकदा बंद-चालू करा आणि दोन दिवस वापरून पाहा. निम्म्या तक्रारी इथंच मिटताना मी पाहिल्या आहेत.

तरीही त्रास असेल तर सेफ मोड. अँड्रॉइडवर पॉवर ऑफचं चिन्ह स्क्रीनवर आलं की ते बोटानं दाबून धरा, सेफ मोडचा पर्याय येतो. या मोडमध्ये तुम्ही टाकलेली ॲप बंद राहतात. इथं टॅब मुकाट्यानं नीट चालला तर दोषी प्रणाली नाही, एखादं ॲप आहे. अलीकडे टाकलेली ॲप एकेक करून काढा.

फक्त वायफाय लागत नसेल किंवा ब्लूटूथ रुसलं असेल तर त्यासाठी सगळा टॅब पुसायची गरज नाही. रीसेटच्या त्याच पानावर फक्त नेटवर्कच्या सेटिंग्ज कोऱ्या करायचा वेगळा पर्याय असतो. आयपॅडवर 'रीसेट ऑल सेटिंग्ज' आहे. दोन्हींत फोटो आणि ॲप जागच्या जागी राहतात, वायफायचा पासवर्ड मात्र पुन्हा टाकावा लागतो.

आणि टॅबची पाठ फुगलेली दिसली, स्क्रीन कडेनं उचललेली दिसली, तर सॉफ्टवेअरचा विचार सोडा. ती बॅटरी फुगली आहे. चार्जिंगला लावू नका, दाबून बसवू नका, सर्व्हिस सेंटरला न्या.

काय काय वाचवायचं

इथवर करूनही जमलं नाही, तर रीसेट. पण आज नाही, उद्या. आजची संध्याकाळ आवराआवरीची.

पहिला गैरसमज: "माझं सगळं गुगलवर असतं." सगळं नसतं. अँड्रॉइडचा बॅकअप चालू असेल तर संपर्क, मेसेज, टॅबच्या सेटिंग्ज, ॲपची यादी आणि काही ॲपमधला थोडा डेटा जातो. प्रत्येक ॲपला त्यात २५ एमबीचीच जागा आहे, त्यामुळे पाचशे एमबीच्या नोट्स त्यात गेल्या असतील ही आशा नको. फोटो जातात, पण गुगल फोटोजमध्ये बॅकअप चालू असेल तरच. आणि १ जून २०२१ पासून ते फोटो तुमच्या फुकटच्या १५ जीबीतूनच जागा खातात. १५ जीबी भरले की बॅकअप चुपचाप थांबतो. म्हणून 'बॅकअप चालू आहे' हे वाचून समाधान मानू नका, शेवटचा बॅकअप कधी झाला ती तारीख बघा. 'सेटिंग्ज'मध्ये 'गुगल', त्यात 'बॅकअप'. 'बॅकअप नाऊ' दाबा आणि तारीख आजची होईपर्यंत थांबा. आणखी एक: टॅब ५७ दिवस वापरला नाही तर त्याचा बॅकअप पुसला जातो. दिवाळीत कपाटात ठेवलेला टॅब मार्चमध्ये काढून रीसेट करणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

आयपॅडवर 'सेटिंग्ज'मध्ये सर्वांत वर स्वतःचं नाव, त्यात आयक्लाउड, त्यात बॅकअप. इथं फुकट जागा फक्त ५ जीबी. ती अपुरी पडते, म्हणून आयपॅड कॉम्प्युटरला जोडून तिथंच पूर्ण बॅकअप घेणं बरं. मॅकवर हे फाइंडरमध्ये होतं, विंडोजवर ॲपल डिव्हाइसेस किंवा आयट्यून्समध्ये.

दुसरी गोष्ट, डाउनलोड फोल्डर. आपल्याकडे आधार, मार्कशीट, नॉन-क्रिमिलेअर, हॉल तिकीट सगळं तिथंच पडलेलं असतं आणि तो फोल्डर आपोआप कुठं गेला असेल असं धरून चालू नका. टॅब केबलनं लॅपटॉपला जोडा, टॅबच्या स्क्रीनवर सूचना येईल ती उघडून 'फाइल ट्रान्सफर' निवडा आणि डाउनलोड, डॉक्युमेंट्स, डीसीआयएम (कॅमेऱ्याचे फोटो यात असतात) हे तीन फोल्डर उचलून लॅपटॉपवर ठेवा. टॅब लॅपटॉपला दिसतच नसेल तर बहुधा केबल नुसती चार्जिंगची आहे. टॅबबरोबर आलेली मूळ केबल शोधा. उचललेल्या फायलींतल्या दोन-चार लॅपटॉपवर उघडून बघा. कॉपी झाली म्हणजे उघडतेच असं नाही.

तिसरी, हातानं लिहिलेल्या नोट्स. पेननं टॅबवर लिहिणारी मुलं इथं सर्वांत जास्त रडतात. नोट्सचं ॲप कुठलंही असो, त्याचं स्वतःचं सिंक, म्हणजे नोट्सची इंटरनेटवर आपोआप प्रत ठेवणं, वेगळं चालू करावं लागतं आणि बऱ्याच जणांनी ते केलेलं नसतं. खात्री नसेल तर प्रत्येक वही पीडीएफ करून बाहेर काढा. पीडीएफवर पुढं खाडाखोड करता येणार नाही, म्हणून ॲपचा स्वतःचा फाइल प्रकार मिळत असेल तर तोही जोडीला घ्या. वेळ लागतो. चहा करून बसा.

चौथी, क्लासची ॲप. त्यात डाउनलोड केलेली लेक्चर बाहेर काढता येत नाहीत, ती त्या ॲपमध्येच कुलूपबंद असतात. रीसेटनंतर ती परत उतरवावी लागतील, त्यामुळे मोबाईल डेटाचा हिशेब धरा. पण खरी ठेच वेगळीच आहे. अनेक क्लास एका विद्यार्थ्याला एक किंवा दोनच डिव्हाइसवर लॉगिन करू देतात. रीसेटनंतर अँड्रॉइड त्याच टॅबला नवी ओळख देतो आणि ॲपला वाटतं हा तिसराच टॅब आला. मग 'डिव्हाइस लिमिट' म्हणून लॉगिन बंद. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात हे व्हायला नको, म्हणून क्लासच्या ऑफिसला आधी फोन करून विचारा.

व्हॉट्सॲप टॅबवर दोन प्रकारे असतं. फोनला जोडलेलं असेल तर चिंता नाही, मूळ चॅट फोनवर आहेत, नंतर क्यूआर कोडनं पुन्हा जोडायचं. पण टॅबमध्ये सिम असून व्हॉट्सॲप तिथंच मुख्य असेल, तर चॅट बॅकअप घ्या, आणि त्या बॅकअपला पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली लावली असेल तर ती कागदावर आहे ना ते बघा. ती हरवली तर बॅकअप असून नसल्यासारखा.

मेमरी कार्ड असेल तर बंद टॅबमधून काढून बाजूला ठेवा. मात्र ते कार्ड कुणी 'इंटर्नल स्टोरेज' म्हणून वापरलं असेल तर ते त्याच टॅबच्या किल्लीनं कुलूपबंद असतं. रीसेटनंतर ते कुणालाच वाचता येत नाही. अशा कार्डातला माल रीसेटच्या आधीच हलवा.

किल्ल्या हातात आहेत का?

आता भाच्याची गोष्ट पुरी करतो, कारण नवखे लोक नेमके इथं पडतात.

२०१५ साली अँड्रॉइड ५.१ बरोबर एक चोरीविरोधी कुलूप आलं. टॅबला पिन किंवा पॅटर्न आहे, त्यात गुगल खातं जोडलेलं आहे आणि कुणी बटणं दाबून तो पुसला, तर सुरू होताना तो आधीच्याच मालकाचा पुरावा मागतो: जुना पॅटर्न किंवा जुनं गुगल खातं. ॲपलनं हेच २०१३ मध्ये ॲक्टिव्हेशन लॉक नावानं आणलं होतं. चोराला त्रास व्हावा म्हणून केलेली सोय, पण विसरभोळा मालक आणि चोर यांत टॅबला फरक करता येत नाही.

भाच्याचा टॅब गावाकडच्या दुकानातून घेतलेला. घेताना दुकानदारानं "थांब, चालू करून देतो" म्हणत स्वतःच एक जीमेल खातं काढलं, पासवर्ड बिलाच्या मागं लिहिला आणि रिकव्हरीला स्वतःचा मोबाईल नंबर टाकला. अशी खाती गावोगाव हजारोंनी असतील. पोरानं दोन वर्षं त्या खात्याकडं ढुंकून पाहिलं नाही. आता टॅब तेच मागत होता. बिल घरी, आईच्या ट्रंकेत, साड्यांच्या खाली. तिनं दुसऱ्या दिवशी शोधून वाचून दाखवलं तर पासवर्डातला तो शून्य की ओ यावर वाद. शेवटी ओटीपी मागवायचं ठरलं, तो जाणार दुकानदाराच्या फोनवर, आणि दुकानदार लग्नाला परगावी. चौथ्या दिवशी त्यानं मांडवातून ओटीपी सांगितला. भला माणूस होता म्हणून. नसता तर?

तेव्हा रीसेटच्या आधी हे तपासा, मनातल्या मनात नाही, प्रत्यक्ष. टॅबमध्ये कुठलं खातं आहे ते 'सेटिंग्ज'मधल्या 'अकाउंट्स'मध्ये बघा. सॅमसंग असेल तर सॅमसंगचंही वेगळं खातं असू शकतं. मग दुसऱ्या फोनवर किंवा लॅपटॉपवर त्याच खात्यानं, पासवर्ड हातानं टाइप करून लॉगिन करून दाखवा. टॅबवर ते आधीच उघडं आहे याचा उपयोग नाही. ते कुलूप नव्हे, उघडा दरवाजा आहे. रिकव्हरीचा नंबर तुमचा, चालू सिमचा आहे ना? ओटीपी येणारा फोन शेजारी आहे ना? दोन पायऱ्यांचं लॉगिन याच टॅबवरच्या कोड देणाऱ्या ॲपनं होत असेल, तर ते ॲप पुसलं की कोडही गेले. आधी ते दुसऱ्या फोनवर हलवा आणि बॅकअप कोड कागदावर उतरवा.

पासवर्ड आठवत नाही म्हणून आजच बदलला? मग २४ तास थांबा. ताज्या बदललेल्या पासवर्डावर रीसेटनंतर टॅब अडून बसू शकतो.

खातं परत मिळवायची वेळ आलीच तर नेहमीच्या फोनवरून, नेहमीच्या घरातल्या वायफायवरून प्रयत्न करा. गुगल ओळखीची जागा आणि ओळखीचं यंत्र बघतं. बारा वेळा चुकीचे अंदाज मारून परिस्थिती सुधारत नाही. आणि बिल जपा. खरेदीचं बिल आणि त्यावरचा सीरियल नंबर असेल तर कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर अशा वेळी मदत करू शकतं. ॲपलही खरेदीचा पुरावा बघून कुलूप काढण्याची विनंती घेतं. 'दहा मिनिटांत लॉक तोडून देतो' म्हणणाऱ्यांकडं जाऊ नका. कुठल्या फाइली ते टॅबमध्ये टाकतात याचा पत्ता लागत नाही, आणि त्याच टॅबवर उद्या तुम्ही बँकेचं ॲप उघडणार.

टॅब तुमचा स्वतःचा नसेल, म्हणजे क्लासनं, कॉलेजनं किंवा महाज्योतीसारख्या संस्थेच्या योजनेतून मिळालेला असेल, किंवा हप्ते चालू असतील, तर देणाऱ्याला विचारल्याशिवाय रीसेट करू नका. अशा टॅबवर देणाऱ्याचं नियंत्रण बसवलेलं असू शकतं. ते रीसेटनं जात नाही. उलट सुरू होताना पुन्हा त्यांचंच लॉगिन मागतं.

प्रत्यक्ष रीसेट

१. चार्जर लावा. निम्म्याहून कमी बॅटरीवर सुरुवात नको.

२. मेमरी कार्ड आणि सिम काढा. ई-सिम असेल तर ते पुसायचं का असं वेगळं विचारतील, टॅब तुम्हीच वापरणार असाल तर ती खूण करू नका.

३. 'सेटिंग्ज', मग 'सिस्टिम', मग 'रीसेट ऑप्शन्स', मग 'इरेज ऑल डेटा'. सॅमसंगवर 'जनरल मॅनेजमेंट', मग 'रीसेट', मग 'फॅक्टरी डेटा रीसेट'. सापडेना तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत रीसेट हा शब्द टाका.

४. जे पान येईल ते वाचा. त्यावर कुठली खाती या टॅबमध्ये आहेत त्याची यादी असते. ओळखीचं नसलेलं खातं दिसलं तर इथंच थांबा.

५. पिन टाका, पुसायचं बटण दाबा आणि टॅब टेबलावर ठेवून द्या. मध्येच बटणं दाबू नका. पहिल्यांदा चालू व्हायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागतो. लोगोवर पाच-दहा मिनिटं थांबला तरी घाबरू नका.

असं सेटिंग्जमधून पिन टाकून केलं की टॅबला कळतं, मालकच पुसतोय. बटणांनी केलेल्या रीसेटमध्ये त्याला हे कळायला मार्ग नसतो, म्हणून तो नंतर उलटतपासणी घेतो. सेटिंग्जपर्यंत पोचता येत असेल तर कायम तिथूनच करा.

आयपॅडवर 'सेटिंग्ज', 'जनरल', अगदी तळाला 'ट्रान्सफर ऑर रीसेट आयपॅड', मग 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज'. तो ॲपल खात्याचा पासवर्ड विचारतो आणि 'फाइंड माय' बंद करतो. पासवर्ड माहीत नसेल तर पुढं जाऊ नका, वरचा भाच्याचा किस्सा पुन्हा वाचा.

टॅब उघडतच नसेल तर

मग बटणांचा मार्ग. अँड्रॉइड टॅब पूर्ण बंद करा, पॉवर आणि व्हॉल्यूम वाढ एकत्र धरा, लोगो आला की सोडा, म्हणजे रिकव्हरी नावाची दुरुस्तीची यादी येते. कंपनीनुसार बटणं थोडी बदलतात. नव्या सॅमसंग टॅबवर बऱ्याचदा हे जमत नाही आणि लोकांना वाटतं बटण बिघडलं. त्या टॅबला केबलनं कॉम्प्युटर जोडलेला असावा लागतो, तरच तो रिकव्हरीत जातो. काही टॅबवर आडवा पडलेला रोबो आणि 'नो कमांड' दिसतं. ती चूक नाही, उंबरठा आहे: पॉवर धरून व्हॉल्यूम वाढ एकदा दाबा, यादी येते. व्हॉल्यूमनं वर-खाली, पॉवरनं निवड. 'वाइप डेटा, फॅक्टरी रीसेट' निवडा, होकार द्या, शेवटी 'रीबूट सिस्टिम नाऊ'.

लॉक विसरलेला असेल तर यातून डेटा वाचत नाही हे आधी मनाला समजवा. आजच्या टॅबमधला डेटा कूटबद्ध असतो आणि रीसेटमध्ये त्याची किल्लीच नष्ट होते. पुसलेले फोटो परत काढून देतो असं कुणी म्हणालं तर त्याला पैसे देऊ नका.

आयपॅडचं थोडं बरं आहे. कॉम्प्युटरला जोडा, व्हॉल्यूमचं एक बटण दाबून सोडा, दुसरं दाबून सोडा, आणि वरचं बटण धरून ठेवा. ॲपलचा लोगो आला तरी सोडू नका. केबल आणि कॉम्प्युटरचं चित्र येईपर्यंत धरा. होम बटणवाल्या आयपॅडवर होम आणि वरचं बटण एकत्र. कॉम्प्युटरवर दोन पर्याय येतात, 'अपडेट' आणि 'रिस्टोअर'. पासकोड माहीत असेल, आयपॅड नुसता अडकला असेल, तर आधी 'अपडेट' घ्या. त्यात प्रणाली नव्यानं बसते आणि तुमचा डेटा ठेवायचा प्रयत्न होतो. 'रिस्टोअर' सगळं पुसतो, पण पासकोड विसरला असेल तर तोच घ्यावा लागतो. फाइल मोठी असते. उतरायला १५ मिनिटांहून जास्त लागली तर आयपॅड त्या पडद्यावरून बाहेर पडतो. बिघडलं काही नाही, फाइल पूर्ण उतरू द्या आणि मग बटणं पुन्हा दाबा.

सॉफ्टवेअर मारायचंच असेल

पहिल्यांदा करणाऱ्यानं माझं ऐकावं आणि अँड्रॉइडच्या बाबतीत हे सर्व्हिस सेंटरवर सोडावं. वॉरंटी असेल तर नक्कीच. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत आणि शहरभर हे काम करणारे हुशार कारागीर आहेत, पण अधिकृत सेंटरला काय खर्च येतो ते आधी विचारून घ्या आणि मग गल्लीत जा.

स्वतः करणार असाल तर मॉडेल नंबर अक्षर न् अक्षर जुळवा. गॅलेक्सी टॅब ए८ चा वायफायवाला एसएम-एक्स२०० आणि सिमवाला एसएम-एक्स२०५, दिसायला जुळे भाऊ, पण एकाचं सॉफ्टवेअर दुसऱ्याला चालत नाही. चुकीचं घातलं तर टॅबची वीट होते, आणि हा शब्द कारागीर लोक खरंच वापरतात. आहे त्याहून जुनी आवृत्ती घालायच्या फंदात पडू नका. टॅब जुनी आवृत्ती नाकारतात, काही त्या नादात कायमचे झोपतात.

लेनोवोनं ग्राहकांसाठी स्वतःचं 'सॉफ्टवेअर फिक्स' दिलं आहे, ते मॉडेल ओळखून योग्य फाइल उतरवतं. पहिलटकरासाठी हा सर्वांत सरळ रस्ता. सॅमसंगसाठी जो तो ओडिन हे फ्लॅश मारायचं साधन वापरतो, पण ते कंपनीनं ग्राहकांना कधी दिलेलंच नाही, त्यामुळे खरी प्रत कुठली आणि व्हायरसवाली कुठली हे तुमचं तुम्ही ठरवायचं. त्यात बीएल, एपी, सीपी, सीएससी असे खाने असतात. सीएससीच्या खान्यात साधं सीएससी घातलं तर डेटा पुसतो, होम सीएससी घातलं तर राहतो. शाओमीच्या फ्लॅश करायच्या साधनात तळाला 'क्लीन ऑल अँड लॉक', म्हणजे सगळं पुसून बूटलोडरला कुलूप, हे आधीच निवडलेलं असतं, ते न बघता पुढं गेलेले अनेकजण पस्तावलेत. आणि बूटलोडर (चालू होताना प्रणालीला जागं करणारा प्रोग्राम) उघडणं हा वेगळाच खेळ आहे: त्यात डेटा तर जातोच, सॅमसंगवर नॉक्स या सुरक्षाव्यवस्थेचा फ्यूज कायमचा उडू शकतो, जो नंतर कशानंही जोडता येत नाही.

लॅपटॉप वापरा, डेस्कटॉप नको. आणि वार बघा. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज आणि पाणी दोन्ही बंद ठेवायचा वार गुरुवार. टॅबला बॅटरी असते, डेस्कटॉपला आणि वायफायच्या डब्याला नसते. सॉफ्टवेअर अर्धं लिहून झालं असताना वीज गेली तर मुहूर्त चुकला असं म्हणायची सोय आहे, पण टॅब उठत नाही.

परत बसवताना

घरच्या वायफायवर सुरू करा आणि तेच जुनं खातं टाका. घाईत नवं खातं काढू नका, बॅकअप जुन्या खात्याला बांधलेला असतो. बॅकअप परत आणायचा का हा प्रश्न सुरुवातीच्या पानांतच येतो. आयपॅडवर तर आयक्लाउडचा बॅकअप तिथंच घ्यावा लागतो, 'नंतर बघू' म्हणालात तर पुन्हा पुसून पहिल्यापासून.

लॉगिन विनाकारण नाकारलं जातंय किंवा पानं उघडत नाहीयेत, तर तारीख-वेळ बघा. रीसेटनंतर काही टॅब भलत्याच वर्षात जागे होतात आणि सुरक्षित पानं त्यांच्यावर विश्वास ठेवत नाहीत.

मग प्रणालीचं अपडेट. एक झालं की लगेच दुसरं येतं, 'अपडेट नाही' म्हणेपर्यंत करत राहा. ॲप सगळी एकदम ओतू नका. ज्या ॲपच्या त्रासामुळे रीसेट केलं तेच पहिल्या तासात परत टाकलं तर सगळा उपद्व्याप पाण्यात. आधी लागणारी चार टाका, दोन दिवस बघा. ॲप प्ले स्टोअरमधूनच घ्या. टेलिग्रामवर मित्रानं पाठवलेली क्लासच्या ॲपची 'मोफत' फाइल टाकलीत, तर पुढच्या रीसेटची तयारी आत्ताच करा.

लॅपटॉपवरचे फोल्डर परत टाका, पण लॅपटॉपवरची प्रत लगेच पुसू नका. महिनाभर राहू द्या. काय राहून गेलं ते फॉर्म भरायच्या दिवशीच कळतं.

विकायचा किंवा द्यायचा असेल तर

वरचं सगळं, शिवाय रीसेटच्या आधी 'अकाउंट्स'मध्ये जाऊन गुगल आणि कंपनीचं खातं काढून टाका, आयपॅडवर खात्यातून साइन आउट करा. रीसेटनंतर स्वतः एकदा चालू करून पाहा: तो कुणाचंही जुनं खातं न मागता 'नवा टॅब' म्हणून स्वागत करतो का? करत असेल तर तिथंच बंद करून द्या. जुना टॅब विकत घेणाऱ्यानं तर पैसे देण्याआधी समोर हेच करून घ्यावं. विकणारा "घरी जाऊन पासवर्ड पाठवतो" म्हणाला तर नमस्कार करून निघा.

अगदीच मेलेला असेल तर भंगारवाल्याकडं किंवा कचऱ्यात टाकू नका, आतली बॅटरी पेटू शकते. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेचे लोक ई-कचरा वेगळा घेतात, कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना विचारा. देण्याआधी मात्र कार्डाची खाच पिनेनं उघडून बघा. आमच्या सोसायटीत मागच्या वेळी गोळा झालेल्या एका टॅबमध्ये कुणाच्यातरी लग्नाचे सगळे फोटो असलेलं कार्ड तसंच होतं.